काशीचा शालू आणि ग्राहकांची नामावळी

महाराष्ट्रातील लग्नघराशी बनारसचा संबंध फार जुना आहे. पैठणी पैठणची किंवा येवल्याची, तसा शालू बनारसचा, हे समीकरण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. मदनपुरा, अलईपुरा यांसारख्या मोहल्ल्यांतील मागांवर विणलेले हे वस्त्र चौकाजवळच्या कुंज गलीतील पेढ्यांवर येते आणि तेथून मुंबई, पुणे, नागपूरच्या बाजारांत पोहोचते. विणणारा कारागीर आणि नेसणारी नववधू यांच्यामध्ये दलाल, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार अशी मोठी साखळी असते. त्यामुळे शालू कोणाच्या घरी गेला हे विणकराला ठाऊक नसते, आणि लहान पेढीच्या मालकालाही अनेकदा ठाऊक नसते.

या अज्ञानाची किंमत लहान व्यापाऱ्याला मोजावी लागते. शालू ही रोज घेण्याची वस्तू नव्हे. एका घरात ती दहा-पंधरा वर्षांतून एकदा घेतली जाते. ज्या घराने थोरल्या मुलीच्या लग्नात शालू घेतला, तेच घर धाकटीच्या लग्नात पुन्हा घेणार असते; पण मधल्या काळात दुकानाचे नाव विसरले जाते आणि ग्राहक भलत्याच दारी जातो. महाजालावरील मोठ्या बाजारपेठांतून माल विकला तर विक्री होते हे खरे. परंतु ग्राहकाशी पत्रव्यवहार त्या बाजारपेठेच्या मार्फतच चालतो आणि त्याची ओळख तिच्याच दप्तरी राहते. म्हणून दूरच्या ग्राहकाशी स्वतःचा सरळ संबंध कसा राखावा, हा लहान पेढीपुढचा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये मूल्यदेय टपालाची, म्हणजे व्ही. पी. ची, सोय केली. पैसे देऊन पार्सल सोडवून घेण्याच्या या पद्धतीमुळे दूरच्या व्यापाऱ्याला अनोळखी ग्राहकाच्या घरापर्यंत जाता आले. छापील दरपत्रक पाठवावे, ग्राहकाने कार्ड टाकून मागणी करावी आणि पोस्टमनने पार्सल पोहोचवून पैसे वसूल करावेत, असा हा क्रम होता. आजच्या दुकानदाराच्या हाती दरपत्रकाऐवजी ई-मेल आहे. एकाच वेळी शेकडो ग्राहकांना ई-मेल पाठविण्यासाठी जी सॉफ्टवेअरे मिळतात, त्यांतून आपल्याला योग्य ते कसे निवडावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली शंका अशी, की साध्या टपालपेटीतून हे काम होणार नाही काय? चाळीस-पन्नास ग्राहकांपुरते ते होईल. परंतु जीमेलच्या वैयक्तिक खात्यातून दिवसाला ५०० हून अधिक जणांना पत्र पाठविता येत नाही. आणि एकच मजकूर एकदम शेकडो ठिकाणी निघाला की खाते संशयाच्या नजरेखाली येते. शिवाय ज्याला पत्रे नकोत त्याचे नाव वगळणे, परत आलेले पत्ते बाजूला काढणे, कोणाला मराठीत आणि कोणाला हिंदीत लिहावयाचे हे ध्यानात ठेवणे, ही कामे हाताने करताना चुका होतात. सॉफ्टवेअर ही कामे करते. यादी सांभाळणे, पत्र सजविणे, ते पोहोचविणे आणि नकार नोंदविणे, ही त्याची चार कर्तव्ये होत. बाकीचा सरंजाम दुय्यम समजावा.

यांपैकी यादी सांभाळण्याचे काम सर्वांत मोलाचे आहे, आणि ते कसे करावे याचा धडा घ्यायला काशीकराला दूर जाण्याचे कारण नाही. काशी, प्रयाग, नाशिक, त्र्यंबकेश्वर या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्या प्रसिद्ध आहेत. यात्रेकरूने गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय नेमकी वही काढतात आणि त्याच्या पणजोबाने स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद पुढे ठेवतात. या नामावळ्यांत तीन गुण एकवटलेले दिसतात. नोंद यजमानाने आपल्या हाताने, राजीखुशीने केलेली असते. ती गाव, घराणे आणि पिढी अशा क्रमाने लावलेली असते, म्हणून हवी तेव्हा सापडते. आणि वही उपाध्यायांच्या मालकीची असते. ती वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते आणि घर बदलले तरी बरोबर नेता येते. ई-मेलचे सॉफ्टवेअर पारखतानाही हेच तीन गुण निकष म्हणून लावता येतील.

मालकीचा विचार आधी करू. सॉफ्टवेअर भाड्याचे असते. त्यात ठेवलेली यादी मात्र दुकानाची असते. तेव्हा ही संपूर्ण यादी, नावे, पत्ते, संमतीची तारीख आणि नकाराची नोंद यांसह, साध्या तक्त्याच्या रूपात केव्हाही बाहेर काढता येते काय, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. ही चिंता काल्पनिक नव्हे. 'टाइनीलेटर' ही साधी, विनामूल्य आणि लोकप्रिय पत्रसेवा अमेरिकेतील 'मेलचिंप' या कंपनीने २०११ मध्ये विकत घेतली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी कायमची बंद केली. ज्यांनी आपली यादी वेळीच उतरवून घेतली त्यांचे काम दुसरीकडे चालू राहिले. खुद्द मेलचिंप २०२१ मध्ये 'इन्ट्युइट' या कंपनीने सुमारे बारा अब्ज डॉलरांना विकत घेतली. तिच्या विनामूल्य योजनेत पूर्वी २,००० पत्ते ठेवता येत. २०२३ पर्यंत ही मर्यादा ५०० वर आली. घरमालक बदलला की भाड्याच्या अटी बदलतात, तसाच हा प्रकार होय. म्हणून दर महिन्याला यादीची एक प्रत उतरवून दुकानात जपून ठेवावी.

दुसरा निकष राजीखुशीचा. ई-मेलचा आरंभ १९७१ मध्ये झाला असे धरतात. त्या वर्षी रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविले आणि पत्त्यासाठी '@' हे चिन्ह निवडले. त्यानंतर सातच वर्षांनी, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थ्युर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना न विचारता पाठविली. तिच्याविषयी तक्रारी झाल्या आणि अनाहूत जाहिरातपत्राचा पहिला नमुना म्हणून ती इतिहासात राहिली. अनाहूत पत्राचा उपद्रव ई-मेलइतकाच जुना आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

ग्राहकाने बिलावर आपला पत्ता लिहिला, एवढ्यावरून त्याने जाहिरातीची पत्रे मागितली असे होत नाही. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत अंकीय माहिती संरक्षण अधिनियमाने संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, हे त्यातील तत्त्व फार महत्त्वाचे आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्या वेळेपासून अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीप्रमाणेच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. तेव्हा पुण्याच्या ग्राहकाला ती मराठीतही मिळावयास हवी. ग्राहक परदेशी असेल तर तेथील कायदाही पाहावा लागतो. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे व्यापारी पत्रात पाठविणाऱ्याचा टपालाचा पत्ता असावा लागतो आणि नकार दहा कामकाजी दिवसांत अमलात आणावा लागतो. युरोपात मे २०१८ पासून याहून कडक नियम लागू आहेत.

यावरून सॉफ्टवेअरमध्ये काय पाहावे हे ठरते. नाव नोंदविणाऱ्याला आधी एक पत्र जावे आणि त्याने त्यातील दुव्यावर होकार दिल्यावरच त्याचे नाव यादीत चढावे, ही दुहेरी पुष्टीची सोय असावी. होकाराची तारीख आपोआप नोंदली जावी. प्रत्येक पत्राच्या तळाशी नाव कमी करण्याचा दुवा असावा आणि तो एका टिचकीसरशी काम करणारा असावा. बाजारात हजारो पत्ते असलेल्या तयार याद्या विकत मिळतात. त्या स्वस्त वाटतात; पण त्यांतील एकाही माणसाने या दुकानाला हाक मारलेली नसते. अशी यादी घेण्यास जे सॉफ्टवेअर मनाई करते, ते आपल्या इतर ग्राहकांचे हित राखते असे समजावे.

तिसरा प्रश्न पत्र पोहोचण्याचा. येथे बनारसच्या व्यापाऱ्याला आपल्याच धंद्यातील दाखला आठवेल. यंत्रमागावरील नकली माल 'बनारसी' म्हणून खपू लागल्यावर अस्सल मालाची ओळख पटविण्याची गरज निर्माण झाली. २००९ मध्ये बनारसच्या ब्रोकेडला व साड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आणि वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर व आझमगढ या सहा जिल्ह्यांतील मालालाच ते नाव लावता येईल असे ठरले. पत्रांच्या जगातही तोतये असतात. कोणाच्याही नावाने कोणीही पत्र धाडू शकतो. त्यावर तीन उपाय योजलेले आहेत. या पेढीच्या नावाने पत्रे नेण्यास कोणते वाहक मुखत्यार आहेत याची जाहीर नोंद, हा पहिला. त्याला एसपीएफ म्हणतात. पत्रावर लाखेच्या मोहोरेसारखी उठविलेली, मजकूर वाटेत बदलल्यास फुटणारी सांकेतिक खूण, हा दुसरा. त्याला डीकेआयएम म्हणतात. आणि या कसोट्यांना न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे याविषयी पेढीने घेणाऱ्याच्या टपालघराला दिलेली सूचना, हा तिसरा, तो डीमार्क.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर पाठविणाऱ्याला तिन्ही उपाय आणि एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय बंधनकारक झाली. लहान पाठविणाऱ्यालाही पहिल्या दोहोंपैकी एक तरी लागतोच. पत्र नकोसे आहे अशी तक्रार हजारी तीनपर्यंत पोहोचता कामा नये, असेही त्यांनी सांगितले. १,८०० ग्राहकांच्या यादीत पाच-सहा जणांनी तक्रारीचे बटण दाबले, की ही मर्यादा गाठली जाते. तेव्हा दुकानाने प्रथम स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा आणि या तिन्ही नोंदी कशा कराव्यात हे साध्या भाषेत समजावून देणारे, अडल्यास माणसाकडून मदत देणारे सॉफ्टवेअर निवडावे.

आता खर्चाचा हिशेब. कुंज गलीतील एखाद्या पेढीकडे राजीखुशीने दिलेले १,८०० पत्ते आहेत आणि ती वर्षातून आठ पत्रे पाठविते, असे धरू. वर्षाला १४,४०० पत्रे झाली. सॉफ्टवेअरच्या किमतीच्या दोन मुख्य रीती आहेत. मेलचिंपसारख्या सेवा मुख्यतः यादीतील पत्त्यांच्या संख्येवर दर महिन्याला भाडे घेतात. मग त्या महिन्यात एकही पत्र गेले नाही तरी भाडे चालूच राहते. काही सेवा नकार दिलेल्यांची नावेही या मोजणीत धरतात, हे विशेष लक्षात ठेवावे. फ्रान्समधील 'ब्रेव्हो'सारखी, पूर्वी 'सेंडिनब्लू' या नावाने ओळखली जाणारी, सेवा मुख्यतः पाठविलेल्या पत्रांच्या संख्येवर दर लावते. तिच्या विनामूल्य योजनेत अनेक वर्षे दिवसाला ३०० पत्रांची मर्यादा राहिली आहे. त्या हिशेबाने वरील पेढीचे एक पत्र सर्वांना पोहोचण्यास सहा दिवस लागतील. शालूच्या धंद्यात ते चालण्यासारखे आहे. दोन दिवसांच्या सवलतीच्या विक्रीत ते चालणार नाही. यादी मोठी आणि पत्रे थोडी असतील तर पत्रांवरचा दर परवडतो. यादी लहान आणि पत्रे वारंवार असतील तर पत्त्यांवरचा.

चेन्नईच्या 'झोहो' कंपनीचे 'झोहो कॅम्पेन्स' हे भारतीय सॉफ्टवेअरही उपलब्ध आहे. भारतीय सेवेत रुपयांत बिल मिळते, वस्तू व सेवा कराचा हिशेब सरळ राहतो आणि डॉलरच्या चढउताराची चिंता नसते. लहान पेढीला हे फायदे थोडे नव्हेत. ज्याच्या घरात संगणकाचा जाणकार आहे त्याला 'लिस्टमंक' हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य घेता येईल. ते झिरोधा या बंगळूरच्या संस्थेतील कैलाश नाध यांनी तयार केले आहे. ते यादी सांभाळते. पत्रे वाहून नेण्यासाठी मात्र वेगळी सेवा जोडावी लागते. अशा वाहकांपैकी अ‍ॅमेझॉनच्या सेवेचा मूळ दर हजार पत्रांना दहा सेंट आहे. त्या दराने वरील पेढीची वर्षाची पत्रे दीड डॉलरच्या आत जातील. परंतु यंत्र बिघडल्यास ते दुरुस्त करणारा माणूस कोठून आणावयाचा, याचे उत्तर तयार नसेल तर ही काटकसर महागात पडते.

चौथा निकष भाषेचा आणि वर्गवारीचा. मराठी मजकूर सर्व यंत्रांवर सारखा उमटतो काय, जोडाक्षरे तुटत नाहीत ना, 'नाव कमी करा' ही ओळ आणि त्यापुढचे पान मराठीत करता येते काय, हे पत्र पाठवून पाहावे. सजविलेले पत्र फार जड झाले, म्हणजे सुमारे १०२ किलोबाइटच्या पुढे गेले, की जीमेल ते मध्येच कापून दाखविते. आणि नाव कमी करण्याचा दुवा तर अगदी तळाशी असतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह रोमन अक्षराच्या तिप्पट जागा घेते, म्हणून मराठी पत्र आटोपशीर असलेले बरे. वर्गवारी उपाध्यायांच्या वहीसारखी असावी. मराठी घरांत तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. त्यांना शालूचे पत्र त्याच्या दोन-तीन महिने आधी गेले पाहिजे. बंगाली ग्राहकाला ते दुर्गापूजेपूर्वी हवे असते. ज्या घरी नुकताच शालू गेला, त्या घरी पुढच्या महिन्यात पुन्हा शालूचीच जाहिरात धाडणे शोभत नाही. तेथे जरीचे वस्त्र कसे जपावे याची माहिती पाठवावी. प्रत्येक नावापुढे भाषा, गाव, खरेदीचे वर्ष आणि प्रसंग या चार खुणा करता आल्या म्हणजे एवढे सारे साधते.

विक्रेते याहून पुष्कळ गोष्टी दाखवितात. किती जणांनी पत्र उघडले याची टक्केवारी ही त्यांतील आवडती. पत्रात दडविलेले एक सूक्ष्म चित्र उतरविले गेले, की पत्र उघडले असे यंत्र मानते. परंतु सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या टपालपेटीत ग्राहकाने खासगीपणाचे संरक्षण स्वीकारले, की अशी चित्रे त्याने पत्र पाहिले नसले तरी आधीच उतरविली जातात. त्यामुळे हा आकडा फुगतो. त्याच्यावर भिस्त ठेवून महागडी योजना घेण्यापेक्षा, पत्रानंतर किती जणांनी उत्तर दिले, चौकशी केली आणि खरेदी केली, हे वहीत मांडावे.

व्हॉट्सअ‍ॅप हाताशी असताना ई-मेल कशाला, असा आक्षेप येथे येईल, आणि तो रास्त आहे. नमुना दाखविण्यासाठी आणि भाव ठरविण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपच सोयीचे. पण त्याच्या साध्या प्रसारण-यादीतील निरोप, ज्यांनी दुकानाचा क्रमांक आपल्याकडे जतन केला आहे अशांनाच जातो. आणि तक्रारी झाल्या तर खातेच बंद होऊ शकते. तेथील संबंध एकाच कंपनीच्या मर्जीवर टिकतो. ई-मेलचा पत्ता कोणत्याही वाहकामार्फत गाठता येतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले, वर्षभर आधी लग्नाची तयारी करणारे मराठी कुटुंब सविस्तर पत्र जपून ठेवते आणि गरजेच्या वेळी ते शोधून काढते. दोन्ही साधने वापरावीत. कायमची नामावळी मात्र स्वतःच्या हाती ठेवावी.

निवड करण्यापूर्वी एक लहानशी परीक्षा घेणे इष्ट. दोन सेवांची विनामूल्य खाती उघडावीत. आप्तेष्टांच्या होकाराने पंचवीस-तीस पत्ते त्यांत घालावेत आणि एकच मराठी पत्र दोहोंमधून पाठवावे. ते कोणाच्या मुख्य पेटीत पडले आणि कोणाच्या अडगळीत, हे विचारावे. एकाला नाव कमी करण्यास सांगून ते खरोखर गेले की नाही पाहावे. मदतीसाठी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर किती दिवसांत येते ते मोजावे. शेवटी संपूर्ण यादी बाहेर काढून खाते बंद करून पाहावे. ज्या सेवेतून बाहेर पडताना अडचण आली नाही, तिच्यात प्रवेश करण्यास हरकत नाही. या परीक्षेला पैसे लागत नाहीत. एक आठवडा मात्र द्यावा लागतो.

शालूची किंमत ग्राहक जशी हाताने चाचपून ठरवितो, तशी पत्र पाठविणाऱ्याची किंमत तो त्याच्या वागणुकीवरून ठरवितो. विचारून लिहिणारा, थोडके लिहिणारा आणि 'नको' म्हटल्याबरोबर थांबणारा व्यापारी त्याच्या लक्षात राहतो. धाकट्या मुलीचे लग्न ठरले की असे घर जुने पत्र शोधून आपण होऊन चौकशी करील, हीच या सगळ्या खटाटोपामागची अपेक्षा आहे.